पालकांनी मुलांना आणू नये

स्वमग्न मुलांच्या कुटुंबांना आधार मिळावा म्हणून ‘सोबत केंद्र’ उघडलं, त्या दिवशी दारात बँड होता. छताला फुगे टांगले होते, आणि टाळ्या कमी पडल्या तर असावेत म्हणून दोन मोठे ध्वनिक्षेपकही आणले होते. जरा मोठा आवाज झाला की ज्यांना कानात खिळा ठोकल्यासारखं होतं, अशा मुलांच्या स्वागताची याहून नेमकी तयारी कोणाला जमली नसती. पहिला फुगा फुटला तशी निम्मी मुलं किंचाळत सुटली आणि उरलेली टेबलाखाली शिरली. चिमुकल्यांचा हा उत्साह पाहून प्रमुख पाहुण्यांना भरून आलं. तसं त्यांनी माइकवरून सांगितलंही, दोनदा.

त्या गर्दीत एक बाई आपल्या लेकीचे कान दोन्ही हातांनी झाकून उभी होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. लेक नऊ वर्षांची. घरात तिला मास्तरीण म्हणत, कारण खुर्च्या वाकड्यातिकड्या दिसल्या की त्या एका रांगेत लावून होईपर्यंत ती कोणाला टेकू देत नसे. बोलायची फार थोडं, आणि तेही लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात. ‘दार बंद होत आहे’ हे वाक्य ती झोप आली की म्हणायची, भूक लागली की म्हणायची, आणि समोरचा माणूस नकोसा झाला की विशेष स्पष्ट म्हणायची.

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी आईच्या हातात एक गुळगुळीत पत्रक ठेवलं होतं. ‘समाजातील उपलब्ध साधनांचा लाभ घ्यावा,’ असं त्यात शेवटी लिहिलं होतं. ती बिचारी लाभ घ्यायला निघाली. पत्रकावरच्या नंबरवर फोन केला, तर त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्या नंबरवरच्या बाईंनी सगळं फार आपुलकीने ऐकून घेतलं आणि पहिला नंबर दिला.

बाकी समाजाने मात्र काही कमी केलं नाही. नणंद रोज सकाळी एक व्हिडिओ पाठवायची. एकात गहू बंद करायला सांगितलेला असे, दुसऱ्यात दूध, तिसऱ्यात आईची नोकरी. ‘वहिनी, तुझ्या चांगल्यासाठीच सांगतेय हो,’ असं खाली लिहिलेलं असे. खालच्या मजल्यावरच्या काकू मास्तरीण ओरडली की वर येऊन आवाजाची तक्रार करत, पण डोळ्यांत पाणी आणून करत. म्हणजे तक्रारीचं उत्तर द्यायचं, वर काकूंना पाणी द्यायचं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी आला की लेकीजवळ नुसता जमिनीवर पडून राहायचा. तिला ते आवडायचं, पण तो घरी असायचाच किती.

असं असताना केंद्राने पालक मेळावा ठरवला. विषय होता, ‘पालकांनो, तुम्ही एकटे नाही.’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत सूचना होती, की चर्चेत व्यत्यय येतो म्हणून पालकांनी मुलांना आणू नये.

आईने केंद्राच्या संयोजिकाबाईंना फोन केला. मुलीला कुठे ठेवू, असं विचारलं. बाई गोड बोलायच्या. एखाद्या जवळच्या व्यक्तीकडे ठेवा, म्हणाल्या.

“तसं कोणी नाही, मॅडम.”

“असं कसं? तुमची काहीतरी सपोर्ट सिस्टीम असेलच ना?”

“तीच कुठे मिळते ते बघायला मी तुमच्याकडे येतेय,” आई म्हणाली.

बाईंना हे वाक्य फार आवडलं. आपण ते प्रास्ताविकात वापरू का, असं त्यांनी विचारलं.

शनिवारी आई लेकीला घेऊनच गेली. दारावरच्या माणसाने मुलीकडे बोट दाखवून मान हलवली. त्याचंही बरोबर होतं, सूचना ठळक अक्षरांत होती. आत डोकावलं तर मेळावा छान भरलेला दिसत होता. मानसशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी आले होते. पंखा आणि चहा जिथे असेल तिथे आवर्जून हजर राहणारे दोन निवृत्त गृहस्थ पहिल्या रांगेत होते. स्वमग्न मूल असलेला पालक तेवढा एकही नव्हता. ते बाहेर होते, मुलांना घेऊन, गाड्या लावायच्या जागेत.

तिथे एक आचारी होता. त्याचा मुलगा बापापेक्षा हातभर उंच झालेला, हुड कपाळापर्यंत ओढून भिंतीला पाठ घासत उभा होता. आणि एक नर्सबाई होत्या, पाच वर्षांच्या मुलाच्या मागे गाड्यांमधून पळून पळून घामाघूम झालेल्या. कोपऱ्यात केंद्राच्या जास्तीच्या खुर्च्या कशाही पडल्या होत्या. मास्तरणीने त्या पाहिल्या मात्र, आईचा हात सोडून ती कामाला लागली.

“ही आता इथून हलायची नाही,” आई दोघांना म्हणाली, जरा ओशाळून.

“मग तुम्ही आत जा की,” नर्सबाई म्हणाल्या. “मी तशीही पळतेच आहे. हिच्यावर लक्ष ठेवते. आम्हाला नंतर सांगा, आपण एकटे नाही ते नक्की कसं.”

आजवर लोकांनी तिला सल्ले दिले होते, पत्ते दिले होते, एका बाईने तर मंतरलेला दोरा दिला होता. ‘मी बघते, तू जा’ असं कोणी म्हटलं नव्हतं. ती आत गेली आणि मागच्या खुर्चीत बसली. वक्ते ताणमुक्तीवर बोलत होते. दिवसातला थोडा वेळ स्वतःला द्या, निवांत आंघोळ करा, असं सांगत होते. आंघोळीच्या मुद्द्यापर्यंत तिने ऐकलं. पुढचं ऐकलं नाही, कारण तिला गाढ झोप लागली. वक्त्यांनी आवाज खाली आणून सभेला खूण केली, की बघा, तंत्राचा परिणाम. केंद्राच्या वार्षिक अहवालात पुढे तिचा फोटो छापून आला, मान कलंडलेली, तोंड उघडं, आणि खाली ‘ताणमुक्तीचा प्रत्यक्ष अनुभव घेताना एक लाभार्थी’.

ती बाहेर आली तेव्हा लेक रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर ताठ बसली होती आणि आचाऱ्याचा मुलगा तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून. कोणी रडत नव्हतं. आईने तीनतीनदा विचारलं, त्रास नाही ना दिला? आचारी म्हणाला, “ताई, दिला असता तरी आम्हाला काय नवीन होतं?”

त्यानंतर कोणी ठराव केला नाही की समिती नेमली नाही. एका रविवारी तिन्ही मुलं आईकडे आली, पुढच्या रविवारी नर्सबाईंकडे गेली. सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. नर्सबाईंच्या पोराने आचाऱ्याच्या मुलाचा कान चावला, आणि एकदा मास्तरणीने रस्त्यावरच्या एका अनोळखी दुकानातल्या खुर्च्या लावायला घेतल्या. पण तिघांपैकी दोघांना दर आठवड्याला दाढ दाखवायला, पडदे धुवायला किंवा नुसतं पडून राहायला मोकळा वेळ मिळायला लागला.

मग एके दिवशी दुकानात आईच्या पोटात अशी कळ आली, की हातातली काच खाली पडून फुटली. अपेंडिक्स होतं, लगेच ऑपरेशन करायचं होतं. नवरा दोन दिवसांच्या अंतरावर. तिने नणंदेला फोन केला. नणंदेने हळहळून ऑपरेशनशिवाय अपेंडिक्स बरं करण्याचा व्हिडिओ पाठवला. केंद्राला फोन केला. घरी जाऊन मूल सांभाळणं आमच्या उद्दिष्टांत बसत नाही, पण आमच्या सदिच्छा तुमच्या पाठीशी आहेत, असं संयोजिकाबाई म्हणाल्या. सदिच्छांना मुलीला शाळेतून आणता येत नव्हतं, म्हणून तिने आचाऱ्याला फोन केला.

“शाळेत मला आत सोडतील असं सांगून ठेवा,” एवढंच तो म्हणाला.

नर्सबाईंनी आपल्या मुलाला बहिणीच्या गळ्यात मारलं आणि त्या दवाखान्यात येऊन बसल्या. भूल द्यायला नेताना आईने त्यांचा हात घट्ट धरला होता. लेकीला भात लागतो, पण त्याला काही लागलेलं चालत नाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. नर्सबाई हो हो म्हणत होत्या. शुद्धीवर आल्यावर तिने तेच वाक्य पुढे सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आचारी भेटायला आला. खुर्ची ओढून चपलेकडे बघत बसला.

“काल काही खाल्लं नाही तिने,” तो म्हणाला. “मी भात तीनदा केला. हॉटेलात शंभर माणसं जेवतात माझ्या हातचं, पण मला म्हणाली दार बंद होत आहे. आज दुपारी मात्र आली आणि माझ्या पोराच्या ताटातला भात उचलून खाल्ला. ताई, माझा पोरगा ताटाला मला हात लावू देत नाही. त्याने तिच्याकडे बघितलं आणि ताट तिच्या बाजूला सरकवलं.”

आईला हसू आलं आणि टाके दुखले. मग रडू आलं आणि तेही टाक्यांनाच जाऊन लागलं.

ती घरी आली तशी ही हकिकत केंद्रापर्यंत पोचली. संयोजिकाबाई फुलांचा गुच्छ आणि फोटो काढणारा एक माणूस घेऊन आल्या. केंद्राच्या पुढाकाराने पालकांचं जाळं विणलं गेलं याचा त्यांना अभिमान वाटत होता. तिघांचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं होतं. सत्काराला मुलांना आणू नये, हे सांगायलाही त्या विसरल्या नाहीत.

“सत्कार नको,” आई म्हणाली. “रविवारी दुपारी तुमची मोठी खोली बंदच असते. ती द्या. मुलांना घेऊन.”

बाईंचा चेहरा पडला. ती खोली कुटुंबांच्या उपक्रमांसाठी राखून ठेवली आहे, असं त्या म्हणाल्या.

“आम्ही कुटुंबंच आहोत, मॅडम.”

“हो, पण मुलं असली की उपक्रम नीट होत नाही.”

फोटोवाल्याने खोकल्यासारखं केलं. आपण काय बोलून गेलो ते बाईंना स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण त्या गुच्छातली पानं उगाच नीट करायला लागल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, की खरं सांगायचं तर मागच्या मेळाव्याला ते दोन आजोबासुद्धा आले नव्हते. हजेरी इतकी कमी का, अशी वरून विचारणा झाली होती. आईने लगेच सांगून टाकलं, आमची डोकी मोजा, मुलांसकट मोजा, अहवालात काय हवं ते लिहा. फक्त माइक लावू नका.

खोली मिळाली. अहवालात ‘अभिनव प्रयोग’ असं छापून आलं आणि प्रयोगाची कल्पना प्रमुख पाहुण्यांची होती हेही सगळ्यांना तिथेच कळलं. हळूहळू आणखी चार घरं यायला लागली. एकदा संयोजिकाबाई स्वतः आल्या, पाहणीला म्हणून. नर्सबाईंनी त्यांच्या मांडीवर आपलं पोर ठेवलं आणि त्या चहा प्यायला निघून गेल्या. बाई तासभर हलल्या नाहीत. पुढच्या पत्रकातून ती ठळक सूचना गेली.

नवरा घरी असतानाच्या एका रविवारी मुलं सांभाळायची पाळी दुसऱ्यांची होती. लेकीला केंद्रात सोडून दोघं रस्त्यावर आली. लग्नाला बारा वर्षं झालेली माणसं, पण एकमेकांसोबत नुसतं चालायचं कसं ते आठवेना. तो तिच्या चार पावलं पुढे जायचा, मग थांबायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी कॉफी घेतली. दोन्ही फोन टेबलावर, आवाज मोठा करून. कोणाचा फोन आला नाही. त्यामुळे दोघंही आणखी घाबरली आणि कॉफी अर्धी टाकून परत गेली.

दारात नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“एवढ्यात कुठे आलात? जा, भांडून तरी या जरा.”

दोघं वळली. बरंच चालून झाल्यावर नवरा म्हणाला, की तसा भांडणाचा विषय त्याच्याकडे एक आहे, तिच्या माहेरच्या कपाटाचा, लेक झाली तेव्हापासून राहून गेलेला. तिने पदर खोचला आणि म्हणाली, “बोल.”