पाचव्या मजल्यावरचं बैरूत

आमच्या इमारतीत दमास्कसमध्ये राहणारं आता कुणी उरलेलं नाही. देहानं सगळे इथेच आहेत, मझरआ भागात, लिफ्ट बंद पडलेल्या सहा मजल्यांत. पण फोन उघडला की तिसऱ्या मजल्यावरची उम्म रामी हॉलंडमध्ये असते, तिचा नवरा सिंगापूरला, आणि तळमजल्यावरचा बॅटरीवाला अबू शफीक कॅनडात. फोनला खरं सांगितलं तर बहुतेक दारं तोंडावर आपटतात. ‘ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही’ हे इथल्या पोरांना सगळ्यात आधी येणारं इंग्रजी वाक्य. म्हणून प्रत्येकाच्या फोनात एक व्हीपीएन असतो. आम्ही त्याला कुलूपफोड्या म्हणतो. तो आपल्याला उचलतो आणि दुसऱ्या देशात नेऊन ठेवतो. अबू शफीकला त्यामुळे वर्षभर बर्फातल्या टायरांच्या जाहिराती दिसतात. आमच्या कॅनडात यंदा थंडी फार, असं तो जिन्यात ऐकवतो, आणि मी त्याला कॅनडाची राजधानी विचारते. ती त्याला अजून आलेली नाही.

मी वदाद. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे या नव्या जमान्यात माझा भाव बराच वधारला. कुणाला टोरांटोतला एखादा खराखुरा रस्ता हवा असतो, कुणाला तिथे आत्ता दिवस आहे की रात्र ते. मी सांगते, आणि सांगताना चिडते. ज्यांनी सीरियावर हे निर्बंध घातले त्यांना म्हणे आमच्या सत्तेवरच्या लोकांना धडा शिकवायचा होता. वरच्यांचं सगळं व्यवस्थित चालू आहे. आमच्या इमारतीत मात्र दमेकऱ्याच्या वाफेच्या यंत्राचा सुटा भाग येत नाही, आणि शिकणाऱ्या पोरीला परीक्षेला बसता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

शिकणारी पोर म्हणजे सुलाफ. माझ्या समोरच्या दारात ती आणि तिची आई उम्म कुतैबा, दोघीच राहतात. बाप युद्धाच्या तिसऱ्या वर्षी गेला, भाऊ कुतैबा, ज्याच्या नावावरून आईला ‘उम्म कुतैबा’ म्हणतात, तो इराकमधल्या एरबीलमध्ये एका बेकरीत राबतो. सुलाफ सातवीत माझ्या हाताखाली होती. नकाशात नद्या उलट्या वाहवायची, पण डोकं तल्लख. पुढे ती संगणकाची जाळी जोडायला शिकली, तीही दोन तास वीज आणि चार तास अंधार अशा हिशेबात. अम्मानच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या नोकरी देऊ केली होती. अट एकच: एका अमेरिकन कंपनीचं प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत हातात हवं. परीक्षेचे पैसे कुतैबानं भरले होते.

ही परीक्षा घरी बसूनच देता येते. कॅमेरा लावायचा, आणि जगात कुठेतरी बसलेली पर्यवेक्षिका तुमच्यावर नजर ठेवते. पासपोर्ट सीरियाचा असला तरी त्यांना चालतो. तुम्ही कोण आहात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, फक्त बूड कुठे टेकलंय ते बघतात. ते सीरियात टेकलेलं असलं तर परीक्षा तिथेच बंद आणि नाव कायमचं बाद. पुन्हा अर्जही करता येत नाही.

सुलाफ आधी सरळ मार्गानंच निघाली होती. बैरूतला जाऊन परीक्षा द्यायची म्हणून सरहद्दीपर्यंत गेली, तिथून तिला परत पाठवलं. आता बैरूतला जाणं शक्य नसेल तर बैरूतलाच पाचव्या मजल्यावर आणायचं, असं मी म्हटलं. उम्म कुतैबाला ते पटेना. ती आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. पाहुण्याला कॉफी गार झाली असेल तर तेही सांगून मोकळी होते.

"वदादबाई, पोरीला खोटं बोलायला लावायचं आणि वर देवाकडे यश मागायचं, कसं मागू?" ती म्हणाली.

"तू यश माग. खोट्याचं माझ्याकडे लागलं," मी म्हटलं.

मग आम्ही खोलीच्या मागे लागलो. धर्मादाय दवाखान्याचं कॅलेंडर उतरवलं, कारण त्यावर दमास्कसचा फोन नंबर होता. कपाटातली सरकारी पाठ्यपुस्तकं माझ्या घरी नेली. भिंतीवरचं घड्याळ मी स्वतः एक तास मागे केलं. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, पण थंडीत घड्याळं तासभर मागे घ्यायची पद्धत, म्हणजे घड्याळाचा हिवाळाच, आमच्या सरकारनं रद्द केल्यापासून त्या दिवसांत आम्ही बैरूतच्या तासभर पुढे असतो. हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. माझ्या आलं, आणि मी ते चारदा बोलूनही दाखवलं.

कुलूपफोड्यात सुलाफनं बैरूत निवडून ठेवलं. राहिली वीज. अबू शफीकनं मोठी बॅटरी पाच मजले चढवून आणली, वाटेत तीनदा बसला आणि प्रत्येक वेळी कॅनडाला शिव्या घातल्या. त्या बॅटरीच्या वायरींचं जंजाळ कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी खिडकीचा जाड पडदा काढून त्यावर टाकला. वर एक फुलदाणी ठेवली. झकास दिसत होतं. सुलाफ म्हणाली, बाई, बैरूतमध्येसुद्धा इतकी नीटनेटकी खोली नसेल.

परीक्षेच्या सकाळी इमारतीतल्या सगळ्यांनी आपापले देश बंद ठेवले, म्हणजे सुलाफला नेट पुरेसं मिळावं. अबू शफीक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. जुने फ्रिज, जुन्या बॅटऱ्या विकत घेणारे भंगारवाले भोंगा लावून फिरतात, त्यांना अडवायचं काम त्याचं. त्यांची ती आरोळी फक्त आमच्याच शहराची आहे, कुणीही ओळखेल. खोलीत परीक्षार्थीशिवाय दुसरं माणूस चालत नाही, म्हणून उम्म कुतैबा आणि मी बंद दाराबाहेर चटईवर बसलो. तिच्या हातात जपमाळ, माझ्या हातात काहीच नाही.

आतून त्या पर्यवेक्षिका बाईचा आवाज आला. इंग्रजी, अगदी कोरडी. पासपोर्ट दाखवा. झालं. सध्या कुठे आहात? बैरूत, सुलाफ म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. शेजारी उम्म कुतैबानं डोळे मिटून घेतले. मग बाईनं सांगितलं, लॅपटॉप उचला आणि सगळी खोली फिरवून दाखवा. सुलाफ बोलत बोलत दाखवत गेली: हे टेबल, ही भिंत, हे कपाट, ही खिडकी.

आणि आतला आवाज थांबला.

त्या शांततेत मला कळलं. खिडकीला पडदा नव्हता. तो मीच काढला होता. आणि त्या खिडकीत कासियूनचा डोंगर आहे. अर्ध्या उंचीपर्यंत चढत गेलेली घरं, वर उघडी तपकिरी धार, माथ्यावर मनोरे. अख्ख्या जगात तसा दुसरा डोंगर नाही. मी तो तीस वर्षं फळ्यावर काढला होता. आम्ही कॅलेंडर लपवलं, पुस्तकं लपवली, तासाभराचा फरक लपवला, आणि डोंगर विसरलो. रोज उशाशी असतो, त्यामुळे तो दिसतो हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की वाटलं, दार उघडून आत जावं आणि त्या बाईला सांगावं, शिक्षा करायची तर मला कर, पोरीचं नाव कापू नकोस.

"काय झालं?" उम्म कुतैबानं विचारलं.

"डोंगर," मी म्हटलं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली जपमाळ थांबली.

आतून पुन्हा आवाज आला, पहिल्यासारखाच कोरडा. खिडकीतून उजेड येतो आहे, कॅमेऱ्याला त्रास होतो. खिडकी झाका आणि परीक्षा सुरू करा.

पलंगावर मदतवाल्यांनी दिलेली करडी घोंगडी होती, तिच्यावर मोठाली अक्षरं छापलेली. सुलाफनं अक्षरं बाहेरच्या बाजूला करून ती खिडकीवर टांगली. खाली गल्लीत अबू शफीकनं पाचव्या मजल्यावरून ती घोंगडी लोंबताना पाहिली आणि वर काहीतरी अरिष्ट आलं म्हणून धावतच निघाला. दुसऱ्या मजल्यावर त्याचा दम संपला आणि भंगारवाल्यांच्या काळजीनं तो परत खाली वळला, हे आमचं नशीब.

परीक्षा दोन तासांची. उम्म कुतैबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती: त्या बाईला दिसलं की नाही? मी म्हटलं, नसेल दिसलं, उजेडाचं म्हणाली ना. पण मला पटत नव्हतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. उजेड कसला डोंबलाचा!

शेवटी सुलाफनं पेपर दिल्याचं सांगितलं. बाई म्हणाली, निकाल दिसण्याआधी एक काम राहिलंय. खोली पुन्हा दाखवा. खिडकीवरचं काढा. खिडकीसुद्धा दाखवा.

मला वाटलं, बाई आता पुरावा गोळा करते आहे. मघाशी खात्री नव्हती, आता चित्र घेईल आणि नाव कापेल. उम्म कुतैबा उठली, दाराला हात लावला, आणि पुन्हा बसली. सुलाफला नाही म्हणण्याची सोय नव्हती. मग घोंगडी खाली पडल्याचा आवाज आला.

बाई म्हणाली, सावकाश. थोडं डावीकडे. थोडं वर. तिथेच धरा.

मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. मी दाराच्या फटीला डोळा लावला. सुलाफ लॅपटॉप दोन्ही हातांत धरून खिडकीसमोर उभी होती, लहान मूल उंच करून मिरवणूक दाखवावी तशी. डोंगरावर ढग उतरले होते. पूर्वी आम्ही संध्याकाळी मक्याची कणसं घेऊन वर जायचो आणि खाली आपापल्या घराचा दिवा शोधायचो. युद्ध सुरू झाल्यापासून तो रस्ता बंद आहे. इथे राहूनही आम्हाला डोंगर असा काचेतूनच दिसतो.

"काही अडचण आहे का?" सुलाफनं शेवटी इंग्रजीत विचारलं.

"अडचण नाही," बाई म्हणाली. "खोली नियमाप्रमाणे आहे." तो कोरडा आवाज कुठेतरी ओला झाला होता. मग काम उरकलेल्या माणसाला आम्ही म्हणतो तेच ती अरबीत म्हणाली, देव तुला बळ देवो. बैरूतमध्येही हेच म्हणतात. पण शेवटचा स्वर तिनं असा लांबवला, जसा फक्त आमच्या शहरात लांबवतात, जशी उम्म कुतैबा जिन्यातून भाजीवाल्याला हाक मारताना लांबवते.

संपर्क तुटला. पडद्यावर निकाल आला: उत्तीर्ण. उम्म कुतैबानं पोरीला कवटाळलं आणि मनसोक्त रडली. रडणं ऐकून अबू शफीक धापा टाकत दारात पोचला आणि कोण मेलं म्हणून विचारू लागला. कुणी नाही, आज गोड तुमच्याकडून, असं मी त्याला सांगितलं.

नंतर मी घड्याळ पुन्हा तासभर पुढे केलं. उम्म कुतैबा बॅटरीवरचा पडदा काढून खिडकीला लावायला निघाली, पण दांडीजवळ जाऊन थांबली.

"ती कुठे असेल गं?" तिनं विचारलं.

सुलाफ म्हणाली, विचारता आलं नाही, तिथे सगळं रेकॉर्ड होतं. ती अजून दंड चोळत होती. फार जड होता का लॅपटॉप, असं मी विचारलं.

"जड नव्हता, बाई. ती ‘पुरे’ म्हणेना, आणि मला खाली करवेना."

उम्म कुतैबानं पडद्याची घडी केली आणि खुर्चीवर ठेवून दिली. तीस वर्षं मी भूगोल शिकवला, पण त्या डोंगराकडे इतकं लक्ष देऊन बघणारी विद्यार्थिनी मला एकदाही मिळाली नव्हती.