अठ्ठावीस वेळा ‘बरी’

काळ्या कापडावरचा तो कण कागदाचा होता की आपल्याच कातडीचा, हे त्याला ठरवता येईना. बोटाच्या टोकावर उचलून त्यानं तो खिडकीच्या उजेडात धरला — पातळ, पांढुरका, कडेला किंचित वळलेला... एकतीस वर्षं वाचनालयाच्या या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्या माणसाला कागद ओळखता येऊ नये, म्हणजे कमालच. त्यानं फुंकर मारली. असेल कशाचाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला सुरुवात झाली होती. दिवसा ती तशी सभ्य असते, ही खाज — दार वाजवून येते. रात्री मात्र बापाचं घर असल्यासारखी आत शिरते.

“झोप नाही झाली वाटतं,” ग्रंथपालबाई दारातूनच म्हणाल्या. “वांगं सोडा हो. माझ्या दिरानं सोडलं, हात कसे लोण्यासारखे झालेत.”

“सोडलंय.”

“मग कॉफी सोडा.”

रात्री नीट झोपलेल्या माणसाकडे सल्ल्यांचा केवढा साठा असतो! त्या गेल्यावर त्यानं सकाळी घरून आणून खणात ठेवलेला फॉर्म काढून खिशात घातला. चारला डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. पोरसवदा मुलगी, त्याला ‘काका’ म्हणाली होती. “चार आठवडे रोज सकाळी खूण करा, काका. मलमच चालू ठेवायचं की इंजेक्शन सुरू करायचं, ते यावरूनच ठरवू.” काल रात्रीची झोप — उत्तम, बरी, वाईट, अजिबात नाही. माणसाच्या रात्रीचे चार चौकोन! आणि इंजेक्शन तर त्याला हवं होतं; इतकं हवं होतं की त्या विचाराचीच लाज वाटायची.

पहिल्या सकाळी त्याची पेन्सिल ‘अजिबात नाही’वर टेकलीच होती. तीन तुकड्यांत मिळून दीड तास झोप, चादरीवर रक्ताचे ठिपके... पण तेवढ्यात त्याला दवाखान्यातली ती बाई आठवली, शेजारी बसेल त्याला बाही वर करून दाखवणारी. मी त्यांच्यातला नाही. परक्या मुलीच्या टेबलावर आपली रात्र पसरून ठेवायला मी काही फेरीवाला नाही. त्यानं ‘बरी’वर खूण केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाला खोटं पाडायचं कसं, म्हणून पुन्हा ‘बरी’. अशा अठ्ठावीस ‘बरी’, एकाखाली एक, नीट शिवलेल्या टाक्यांसारख्या.

आणि बायको. दोन वर्षांपूर्वी ती उशी उचलून पलीकडच्या खोलीत गेली होती. “तुमच्या खरखरीनं मला वाटतं, कोणी रात्रभर भांडी घासतंय,” असं हसत म्हणाली होती. तेव्हापासून भिंतीपलीकडच्या तिच्या गाढ झोपेची त्यानं मनातल्या मनात किती टिंगल केली होती! कुंभकर्णाची धाकटी बहीण. आज सकाळी, नखं लागू नयेत म्हणून रात्री त्याच्या हातांवर बांधलेले सुती मोजे सोडवताना ती म्हणाली होती,

“अहो, फॉर्म घ्या आठवणीनं. शेवटचं पान बघा एकदा.”

“शेवटच्या पानावर काही नाही.”

“बघा तर.”

काय बघायचं? ‘शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे’ — ते पान त्यानं पहिल्याच दिवशी रिकामं सोडलं होतं. शेजारी कोण झोपतंय इथं?

दवाखान्यात ती बाही वर करणारी बाई होतीच. तो मुद्दाम दूरच्या खुर्चीवर बसला. बाई एका म्हाताऱ्याला कोपर दाखवत होती, म्हातारा पोटरी दाखवत होता... बाजारच! तिकडे बघावं लागू नये म्हणून त्यानं फॉर्म उघडला, पानं उलटली.

शेवटचं पान भरलेलं होतं. सामानाच्या यादीचं ते बारीक, तिरपं अक्षर. ‘शेजारी’ शब्दावर काट मारून वर लिहिलं होतं — भिंतीपलीकडून. खाली तारखा. ‘एक वाजून दहा ते दोन. पुन्हा पावणेतीन.’ ‘चारपर्यंत खरखर. मग नळ.’ ‘साडेतीन. थांबले. पुन्हा.’ एकही रात्र सुटलेली नव्हती. सतराव्या रात्रीपाशी — ‘आवाज नाही. उठून पाहिलं. खोटं घोरत होते.’

त्याला ती रात्र आठवली. दार किलकिलं झालं होतं, आणि आपण मोज्यातल्या मुठी आवळून घोरलो होतो. ती परत गेल्यावर वाटलं होतं, किती सहज फसते ही...

आधी राग आला. कोणी सांगितलं होतं हिला? दोन वर्षं जी रात्र एकट्याची म्हणून सोसली, तिच्यातही ही बसलेली, घड्याळ बघत! त्यानं नेहमीची टिंगल शोधली — कुंभकर्ण, बहीण — पण ती शेवटपर्यंत मनात म्हणता येईना. म्हणजे तीही... चारपर्यंत? आणि सकाळी उठून, हसून, गाठी सोडायला हजर? पुढच्या पानांवर अठ्ठावीस ‘बरी’, मागे हे. दोन्ही एकाच टाचणीत.

मागचं पान अलगद काढता आलं असतं. टाके उसवणं हे तर त्याचं रोजचंच काम. बोटं टाचणीशी गेली आणि तिथंच राहिली. मनगट खाजत होतं. समोरची बाई बघत होती. त्यानं बाही थोडी वर सारली आणि खाजवलं. बाईनं ओळख असल्यासारखी मान हलवली. छे, काय ही संगत... पण पापण्या जड होत होत्या, भरदिवसा, या उजेडात, या लोकांत — आणि त्याचा नंबर पुकारला गेला तो त्याला कुठून तरी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू आला.