खालाच्या मुठीतला ठसा

मी रिसोलत खालाचा नान टोचायचा ठसा बोलतोय. भराभर सांगतो, वेळ थोडा आहे.

आक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि खाली सत्तावीस खिळे, झालो मी. कच्च्या नानच्या मधोमध मला दाबलं की नऊ पाकळ्यांचं फूल उमटतं आणि तिथे नान फुगत नाही. काम एवढंच. पण अख्ख्या कोकंद शहराला त्या फुलाचं वेड लागलं आणि मी कैदी झालो.

लग्न असो, बारसं असो, नान खालाचाच हवा. सून झीनतही तितकाच सुरेख भाजते. तेच पीठ, तोच तंदूर. पण तिच्या ठशाला पाकळ्या पाच. गिऱ्हाईक फूल बघतं नि नाक मुरडतं, "हे सूनबाईचं दिसतंय. खालाचं काढ की! थांबतो आम्ही."

"अहो आई, मग मलाच द्या ना तुमचा ठसा," झीनत एकदा म्हणाली.

"सासूबाईंनी मरताना दिलाय मला. जिवंतपणी हातातून सोडायचा नसतो. मरू का आता?"

तीस वर्षं मी त्याच मुठीत. खालाची बोटं सुजली, तिच्या घामानं माझं लाकूड काळं पडलं. खरं सांगतो, मला त्या फुलाचा वीट आलाय.

दूर तेरमेझला तिची लेक ओयदिन बाळंत झाली. आमच्यात पाळणा आजोळचा, आणि आजीनंच न्यायचा, चाळीस दिवसांच्या आत. रंगवलेला पाळणा अंगणात पडून आहे. आज अडतिसावा दिवस. सकाळी लेकीचा फोन आला, "आई, तुला नात हवी की गिऱ्हाईकं? सासरी हसतात गं मला."

खाला काही बोलणार तोच दारातून आरोळी, "खाला, साठ नान! लग्नघर आहे, नाही म्हणायचं नाही हं!"

खाला मला घेऊन तशीच तंदुरापाशी आली. जराशी वाकली. आणि मी थेट निखाऱ्यांत!

"अगं बाई!" झीनत आकडा घेऊन धावली. खालानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे गं. तुझा ठसा घे. आणि पाळणा गाडीत चढवायला सांग."

सुजलेल्या बोटांतून निसटला, असं सगळे म्हणतील. म्हणू देत. तिनं मूठ उघडली, मी पाहिलंय.

लाकूड पेटलंय माझं. बाबांनो, मिळेल तो नान गपगुमान खा. आणि राखेत माझे खिळे सापडले, तर कृपा करून त्यांना नवी मूठ बसवू नका.