गव्हाणच्या ओटीवरची प्रयोगशाळा

दिनानाथ सरांचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पनवेलच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची प्राध्यापिका. माझ्या प्रत्येक नव्या गोष्टीला ते नाक मुरडत, आणि त्यांनी नाक मुरडलं की मला दुप्पट जोर चढे.

२०१३ साली आम्ही एक ऑनलाइन प्रयोगशाळा उभी केली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक दिवा, त्याच्यासमोर सौर सेल, दोन मीटर आणि हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर. विद्यार्थ्याने घरी बसून आमचं पान उघडायचं, दिवा लावायचा, रोध कमीजास्त करायचा आणि मीटरचे काटे कॅमेऱ्यातून बघून रीडिंग घ्यायची. उपकरणं खरी, फक्त चालवायची लांबून. त्या कॅमेऱ्यासाठी मी ऑफिसात इतके हेलपाटे घातले होते की शिपाईसुद्धा मला बघून हसू दाबायचे.

एवढं करून ती प्रयोगशाळा वापरत कोणी नव्हतं. का, ते मला प्रांजलमुळे कळलं.

प्रांजल शेवटच्या वर्षाला होती, गव्हाणच्या मच्छीमार घरातली. धक्क्यावर पाय घसरून तिचं हाड मोडलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. तिचा एकच प्रयोग राहिला होता, नेमका सौर सेलचा. सरांनी तर सांगूनच टाकलं, प्रयोग पूर्ण नाही तर टर्म नाही. म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं.

मी मोठ्या ऐटीत तिला फोन केला. "अगं, येतेस कशाला? घरूनच कर की प्रयोग."

"मॅडम, घरी कॉम्प्युटर नाय," ती म्हणाली. "मोबाईलवर उघडून बघितलं, तर नुसता राखाडी चौकोन येतोय."

मग तिच्या आईने, गंगाबाईने, फोन घेतला. "मॅडम, तुमची परयोगशाला आमच्या मोबाईलात मावत नाय वाटतं. पोरीचं वरीस जाव देव नका."

फोन ठेवला आणि मला भयंकर राग आला, तोही स्वतःचाच. वर्गातल्या बहुतेक मुलांकडे मोबाईलच तेवढा होता, आणि आम्ही प्रयोगशाळा थाटली होती घरी कॉम्प्युटर असणाऱ्यांसाठी.

संगणक विभागातल्या हितेशला मी अक्षरशः ओढत आणलं. त्याने सगळं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पान मोबाईलसाठी नव्याने लिहावं लागेल. आणि कॅमेऱ्याचा व्हिडिओ काढून टाकावा लागेल. गव्हाणला नेट रांगतंय."

मी भडकले. "काटाच दिसला नाही तर प्रयोग कसला?"

"काटा दिसेल, मॅडम. मीटरचा आकडा तेवढा आपण पाठवायचा, काट्याचं चित्र मोबाईल स्वतःच दाखवेल. आकड्याला कितीसं नेट लागतं?"

मला पटलं. हे फार क्वचित घडतं. कॅमेरा माझ्याच हाताने काढून कपाटात ठेवला आणि खरं सांगते, जिवावर आलं. रोध बदलायची गोल चकती बोटाखाली झाकून जायची, तीही गेली आणि तिथे वाढवा-कमी करा अशी दोन ठसठशीत बटणं आली. स्टाफरूममधल्या एकेकाचा मोबाईल मागून हितेशने ते पान तपासलं. शेवटी प्रांजलचा फोन आला. "मॅडम, काटा हलला."

सर बघायला आले आणि नाक मुरडलंच. "चित्रातला काटा? हा तर मोबाईलवरचा गेम झाला. तो खऱ्या मीटरप्रमाणेच हलतो कशावरून? मी सही करणार नाही."

अंगाचा तिळपापड झाला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "मग सर, तुम्ही इथे उभे राहा. ती तिकडून प्रयोग करेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रांजल घराच्या ओटीवर पाय पसरून बसली, आणि आम्ही तिघं सेलपाशी. तिच्या घरचा दुसरा मोबाईल गंगाबाईच्या हातात, त्यावरून बोलणं चाललेलं. टेबलावरचा दिवा आपोआप लागला. सरांनी भुवई वर केली. प्रांजल एकेक रीडिंग सांगत होती, सर ते मीटरवर ताडून पाहत होते. आकडे जुळत होते. तरी सरांचा चेहरा काही सैल होईना.

अचानक त्यांनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि आपला पंजा सेलसमोर धरला. मीटरचा काटा खाली आला. नेट अडकलं, जुनाच आकडा दिसत राहिला, तर संपलंच सगळं.

मग प्रांजल म्हणाली, "मॅडम, करंट पडला. मी रोध बदललेला नाय."

सर पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. "दिवा उडाला असेल."

सरांनी दोन बोटं जराशी फाकवली. काटा किंचित वर चढला.

"नाय सर," प्रांजल म्हणाली. "उडालेला दिवा असा थोडाथोडा परत येत नाय. सेलच्या आड कुणीतरी हाय." मग तिने विचारलं, "सर, तुमचा हात हाय का? काढा ना, माझं रीडिंग राहिलंय."

दिनानाथ सरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आख्ख्या नोकरीत त्यांना असं कोणी सांगितलं नसेल, आणि तेही खाडीकाठच्या एका ओटीवरून. हितेशने तोंड फिरवून हसू लपवलं. मी नाही लपवलं. इतका आनंद मला स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता.

उरलेली रीडिंग झाली, आलेख नीट वळला. सरांनी पेन काढलं, सही केली आणि फोनकडे वाकून म्हणाले, "टर्म मिळाली तुला. परीक्षेला बस."

पलीकडे गंगाबाई शेजारणीला हाक मारून सांगत होती, पोरीने इथून दिवा लावला, पनवेलात.