उई, झूट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, जळका अल्बम आहे. जळका म्हणजे आगीतून काढलेला नव्हे. मी स्वभावाने जळका, अगदी जळकुकडा आहे. दुसऱ्या पुस्तकाचे कोणी कौतुक केले, की माझ्या पोटात दुखायला लागते.

माझा जन्म बेल्जियममधल्या एका छापखान्यात झाला. तिथे चित्रकथांच्या पुस्तकाला अल्बम म्हणतात. माझ्या पोटात साहसाच्या छोट्या छोट्या चित्रकथा आहेत आणि चित्रांतली माणसे फ्रेंच बोलतात. माझे थोरले भाऊ मात्र एकेका लांबलचक गोष्टीने भरलेले. दुकानात मुले आधी त्यांनाच उचलत. "ह्यात काय, सगळ्या तुकड्यातुकड्यांच्या गोष्टी," असे म्हणून मला खाली ठेवत. तेव्हापासूनच माझा जळफळाट सुरू झाला.

एका प्राध्यापकांच्या सामानातून मी अमेरिकेत, ॲन आर्बरला आलो. ते गाव सोडून गेले आणि मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात पडलो. तिथे नागपूरहून शिकायला आलेल्या यतीनने माझ्या मुखपृष्ठावरची वादळातली होडी पाहिली आणि न उघडताच मला विकत घेतले. घरी येऊन पाहतो तो काय, सगळे फ्रेंच! "उद्या रिटर्न करतो," तो म्हणाला. बाहेर बर्फ पडत होता. त्याचा तो उद्या काही उजाडला नाही.

पुढे यतीनचे लग्न झाले, रुही झाली आणि ती गोष्टी ऐकण्याएवढी मोठी झाली. मग एका शनिवारी दुपारी यतीनने मला फळीवरून काढले. त्याला फ्रेंचचे ओ की ठो कळत नव्हते. तो चित्रे पाहून मराठीत गोष्ट रचू लागला. 'Oui' म्हणजे फ्रेंचमध्ये 'हो'. यतीन वाचायचा, "उई!" आणि सांगायचा, ह्याला मुंगी चावली. एका गोष्टीत धक्क्यावर उभा असलेला खलाशी 'Zut!' असे ओरडतो. बिचाऱ्याची होडी चुकलेली असते, म्हणून तो वैतागलेला असतो. यतीनने वाचले, "झूट! म्हणजे काय रुही? तो नावाडी खोटं बोललाय. ह्याची संत्राबर्फी त्यानेच पळवलीय!"

रुही खदखदून हसायची. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी ती पोर माझ्या पानांवर बोट ठेवून मराठीत भांडायची, "नाही, बर्फी कुत्र्याने खाल्ली!" दर शनिवारी चोर बदलायचा आणि रुहीच्या बोटांचा तुपाचा एखादा डाग माझ्या पानावर उमटायचा. मला मराठी आली ती ह्या दोघांमुळे.

मी सुखी होतो असे तुम्हाला वाटेल. छे! मी यतीनवरच जळत होतो. चित्रे माझी, कागद माझा आणि वाहवा मात्र बाबांची. माझी खरी गोष्ट ह्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

गेल्या हिवाळ्यात शिकागोहून प्रतिमामावशी आल्या. तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारातल्या मिठाईबरोबर त्यांनी रुहीसाठी एक पुस्तक आणले. पाहतो तर मीच! तेच मुखपृष्ठ, तीच होडी, फक्त भाषा इंग्रजी. गुळगुळीत अंग, नव्या शाईचा वास. सवत घरात आल्यावर काय होते, ते मला त्या दिवशी समजले.

"सेमच बुक आहे ना? मग हे जुनं डोनेट करून टाकू या," रुहीची आई पद्मजा म्हणाली. तिने मला दाराजवळच्या खोक्यात टाकले. सोमवारी ते खोके लायब्ररीत जाणार होते. तिथे मला कोण उचलणार आणि उचलले तरी उईला मुंगी कोण चावू देणार?

खोक्यातून मला रुही दिसत होती. ती सोफ्यावर एकटीच वाचत होती. आता तिला बाबांची गरजच नव्हती. अचानक ती ओरडली, "बाबा! ही इज नॉट सेइंग झूट! ही जस्ट मिस्ड द बोट!"

यतीन ओशाळला. "हो का? मला कुठे फ्रेंच येतं, यार."

अखेर माझी खरी गोष्ट उघड झाली. क्षणभर मला आनंद झाला. पण ती सांगितली त्या सवतीने, हे आठवून लगेच आग झाली.

"मग बर्फी?" रुहीने विचारले.

"बर्फी नाहीच आहे गं त्यात."

"दॅट्स इट?"

तिने नवे पुस्तक मिटले. बाहेर जायचे बूट बाजूला सारून ती खोक्यापाशी आली. मला ओढून काढले, यतीनच्या मांडीवर आदळले आणि म्हणाली, "बाबा, तू चुकीचं वाच."

पद्मजाने मुकाट्याने खोके बंद केले. मग यतीनने माझे पहिले पान उलटले. "उई..."

"मुंगी!" रुही ओरडली.

मित्रांनो, जुनी पुस्तके जपा. नवे, अचूक पुस्तक दुकानात केव्हाही मिळेल. पण तुमच्या बाबांनी चुकीचे वाचलेले पुस्तक जगात एकच असते. ते खोक्यात टाकू नका.

तो इंग्रजी अल्बम आता फळीवर माझ्या शेजारीच उभा असतो. त्याच्या अंगावर अजून तुपाचा एकही डाग नाही. मला त्याची दया यायला हवी. येत नाही.