न पडलेली पाकळी

शांतारामकाकांची बायको गेली. गावाला वाटतं, पोटातल्या गाठीने गेली. ती डिंकाने गेली हे तीनच माणसांना ठाऊक आहे: मी, माझा चुलतभाऊ प्रज्योत आणि माझे बाबा.

बाबा, म्हणजे धाकू गुरव, आमच्या डिचोलीकडच्या देवळात कौल लावतात. माणूस आपली अडचण सांगतो, बाबा देवाला गाऱ्हाणं घालतात आणि पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या जातात. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. बाबांचे हात कापायला लागल्यापासून पाकळ्या मी लावतो.

आम्ही कामाला होतो ती खाण बंद पडली तसे मी आणि प्रज्योत दोघेही घरी बसलो, आणि सिनेमे बघायला लागलो. परदेशी, खुळचट कसरतींचे आणि फजितीचे. कोणी छपरावरून गादीवर उडी मारतो आणि नेमकी गादी चुकवतो, कोणी मित्राच्या चड्डीत जिवंत कुर्ली सोडतो. माझी बायको समीक्षा म्हणायची, "वाडल्यात रेडे, अक्कल पुण ना." नसेल. पण त्या सिनेमांत आपटलेला माणूस उठायचा आणि सगळ्यांबरोबर हसायचा. खाण बंद पडल्यावर आमच्या गावात आपटलेलं कोणी उठताना मी पाहिलं नव्हतं.

मग आपणही एक फजिती करूया असं ठरलं. पाण्याऐवजी घट्ट डिंक. पाकळी पडणार नाही, माणूस ताटकळणार, शेवटी भडकणार, मग प्रज्योत खांबाआडून बाहेर येऊन त्याला मिठी मारणार. सिनेमात असंच असतं.

आले शांतारामकाका आणि कमलकाकी. काकीच्या गाठीचं ऑपरेशन आठ दिवसांनी बांबोळीच्या इस्पितळात ठरलं होतं. करायचं की नाही, एवढंच विचारायचं होतं. हे ऐकलं तेव्हा माझ्यासमोर दोन्ही वाट्या होत्या, पाण्याचीही आणि डिंकाचीही. मी डिंकाची उचलली. खांबाआड प्रज्योत मोबाइल धरून उभा होता आणि मला हसू आवरत नव्हतं, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

अर्धा तास गेला, तास गेला. बाबांनी तीनदा गाऱ्हाणं घातलं. आता काका भडकणार, आता भडकणार, म्हणून आम्ही वाट बघत होतो. काकांनी हात जोडले.

"रावूं दे, धाकू," ते म्हणाले. "देव उलयना त्या कामाक आमी हात लावचो न्हय." देव बोलला नाही, म्हणजे ऑपरेशन करायचं नाही, असा त्यांनी अर्थ लावला.

"बरें जालें," काकी म्हणाली. "म्हाका कापतले म्हूण भंय दिसतालो." आणि ती हसली.

समोरचा माणूस भडकलाच नाही तर काय करायचं, हे कुठल्याच सिनेमात दाखवलेलं नव्हतं. प्रज्योत खांबाआडच राहिला, मी गाभाऱ्यात, आणि ती दोघं पायऱ्या उतरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मूर्तीला न्हाऊ घालताना बाबांच्या नखाला चिकट लागलं. त्यांनी ते खरवडलं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोणाक सांगूं नाका," ते म्हणाले. "गुरवकी वतली." देवळातलं पिढीजात काम हातचं जाईल, ही त्यांना भीती.

बाबांचं नाव पुढे करून मी मोकळा होणार नाही. मला दोन पाय होते आणि काकांचं घर शंभर पावलांवर होतं. आठही दिवस मी रोज ठरवलं, उद्या सांगतो. ऑपरेशनचा दिवस आला आणि गेला. चौथ्या महिन्यात काकी गेली.

काल काका आमच्या अंगणात आले. "त्या दिसा प्रज्योत मोबायलार कितें तरी काडटालो मरे," ते म्हणाले. "कमल आसा तातूंत? चलता-उलयता अशी ती म्हज्याकडेन खंयच ना."

चालत्या-बोलत्या काकीचं ते चित्रण प्रज्योतने तेव्हाच मला पाठवलं होतं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी लावून दिलं. काकी हात जोडून उभी आहे, पदर सारखा करते आहे, मग हसते आहे. आणि मोबाइलजवळ कोणीतरी तोंड दाबून खिदळतं आहे.

"हांसता कोण रे?" काकांनी विचारलं.

"भायलीं भुरगीं," मी बाहेरच्या पोरांवर ढकललं.

काकांनी मान हलवली.

"हांसूं दीत," ते म्हणाले. "परत लाय. पयलेच्यान."

मी पहिल्यापासून लावलं.