सात सकाळींचे आकडे

टुक्!

एका खोलीचं ते घर. सकाळ उजाडून अर्धा तास झाला होता, तरी घरात अजून कुणी बोललं नव्हतं. आई जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि मुलगी अंथरुणातून एक डोळा उघडून तिच्याकडे बघत होती. माझा एवढासा आवाज झाला आणि दोघी एकदमच दचकल्या.

"किती?" मुलीनं विचारलं.

"तू झोप बाई," आई म्हणाली आणि मला पालथं घातलं.

पण पालथं घातलं म्हणून आकडा थोडाच पुसला जातो? दोनशे अडतीस. उपाशीपोटी!

मित्रांनो, तो आवाज करणारा मी. रक्तातली साखर मोजणारा एक म्हातारा मीटर. साबणाच्या वडीएवढा माझा देह, त्याला एक काचेची खिडकी आणि एक बटण. खालच्या फटीत कागदासारखी पट्टी सरकवायची, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तिला लावायचा आणि पाच अंक मोजायचे, की मी टुक् करून आकडा दाखवतो. माझा एक कोपरा तडकला आहे, त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आहे. आता तर आठ या आकड्याचा मधला दांडाही उमटेनासा झाला, त्यामुळे माझा आठ शून्यासारखा दिसतो. अशा मीटरवर कोण भरवसा ठेवणार? म्हणून मी कपाटात असतो, कापसाच्या गुंडाळीशेजारी. वेळच वेळ आहे, तेव्हा म्हटलं, तुम्हाला माझी हकिगत सांगावी.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब टेबलाशी हातमोजे घातलेल्या बायका बसायच्या. एकीनं माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीनं पाठ लावली, तिसरीनं लाल पाण्याचा थेंब देऊन माझी परीक्षा घेतली. मी बरोबर उत्तर दिलं. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! मला वाटलं, खरं सांगणं हेच माझं काम आणि खरं सांगितलं की झालं. किती अजाण होतो मी.

पहिली चार वर्षं मी एका निवृत्त मास्तरांच्या घरी काढली. त्यांच्या मुलानं त्यांना फोनला जोडता येणारा नवा मीटर आणला, तेव्हा त्यांनी मला पुसूनबिसून एका गरीब वस्तीतल्या दवाखान्याला देऊन टाकलं. तिथे माझी गाठ सिस्टरशी पडली. सिस्टर म्हणजे तिथली परिचारिका. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या पायाला चप्पल चावलेली दिसली की स्वतः खाली बसून औषध लावणारी.

दवाखान्याच्या मागे एक खोली होती. तिथे दर गुरुवारी दुपारी सिस्टर सहा माणसांना जमवायची. सहाही जण हातावर पोट असलेले आणि सहाही जणांना मधुमेह. गोळ्या दवाखान्यातून मिळत, पण खाणं, चालणं, पाय जपणं हे कुणी कुणाला शिकवायचं? म्हणून हा गट. आधी अंगणात पंधरा फेऱ्या, मग आरसा जमिनीवर ठेवून प्रत्येकानं आपापले तळपाय बघायचे, मग ताटात काय किती घ्यायचं त्याची उजळणी.

"अर्धं ताट भाजी," सिस्टर म्हणायची.

"सिस्टर, ताटच लहान असलं तर?" हे रखवालदारकाका. एका गोदामाच्या दारावर बसायचे आणि अंगणातल्या फेऱ्याही पहारा दिल्यासारख्या मारायचे.

"तर भाजी दोनदा घ्या. आणि बोलणं एकदाच."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट व्हायची. त्यातही शिवणकाम करणाऱ्या मावशींचं हसू सगळ्यात मोठं. डोळ्यांवर जाड भिंग, बोटांवर चाळीस वर्षांच्या सुईच्या खुणा.

मीटर मी एकटाच आणि पट्ट्या मोजक्या. म्हणून सिस्टरनं नियम केला होता. दर गुरुवारी मी एकाच्या घरी जायचो. त्यानं सात दिवस सकाळी उपाशीपोटी मोजायचं आणि पुढच्या गुरुवारी मला परत आणायचं. माझ्या स्मरणात ते सातही आकडे जसेच्या तसे राहायचे. सिस्टर ते सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायची. चांगले असले, की पूर्ण गट टाळ्या वाजवायचा.

त्या टाळ्यांचं तुम्हाला काय सांगू! दिवसभर ज्यांना "ए, इकडे ये" यापलीकडे कुणी काही म्हणत नसे, त्यांच्यासाठी पाच माणसं टाळ्या वाजवत. मावशींना पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या तेव्हा त्या भिंग पुसत बसल्या होत्या, कितीतरी वेळ.

आता त्या आईकडे येतो. ती एका मोठ्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. आठ तास वाफेत उभं राहायचं, खाली ओली फरशी, पायात कुणाचे तरी जुने रबरी बूट. दुपारी मालकाकडून पाव आणि गोड चहा मिळायचा. तो नको म्हटला तर संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही. घरी ती आणि तिची सात वर्षांची लेक, दोघीच. लेकीला साखर फार आवडायची, डबा कुठेही लपवा, ही शोधून काढणारच. म्हणून आई तिला मुंगी म्हणायची.

आईनं काय कमी केलं होतं? भात निम्मा केला, कामावर चालत जाऊ लागली, घरातला साखरेचा डबा शेजारणीकडे ठेवला. तरी त्या पहिल्या आठवड्यात माझे आकडे खाली आले नाहीत. दोनशे अडतीस, दोनशे एकसष्ट, दोनशे बावन्न... मी प्रामाणिकपणे सांगत गेलो आणि ती दर सकाळी आणखी गप्प होत गेली.

गुरुवारी सिस्टरनं ते फळ्यावर लिहिले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. तिला हलकं वाटावं म्हणून रखवालदारकाका म्हणाले, "काय ताई, साखर कारखाना काढलात की काय? आम्हाला नोकरी मिळेल का पहाऱ्यावर?"

सगळे हसले. तीही हसली. काकांच्या मनात काही नव्हतं, ती आपली जिभेची सवय. पण एखाद्याचं हसू किती पातळ असतं, ते लांबून कळत नाही.

बाकीची पाच घरं फिरून मी पुन्हा तिच्या घरी गेलो. पहिल्या सकाळी तिनं सुई हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. पदरानं डोळे पुसत होती.

मुंगी उठून जवळ आली. "आई, परत ते हसतील?"

"हसू देत."

"मग तू रडतेस कशाला?" आणि तिनं आपला हात पुढे केला. "माझं घे. मला नाही लागत. इंजेक्शनला पण मी रडले नव्हते, विचार शाळेतल्या बाईंना."

"वेडी का काय तू!"

"फक्त आजच, गं आई."

मित्रांनो, आई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो हात ओढून घेतला, आधी त्याचा पापा घेतला आणि मग... मला सगळं कळत होतं. रोजचा थेंब गरम पाण्यात, साबणात राठ झालेल्या बोटाचा असायचा. हा थेंब अगदी वेगळा होता. पण मला आकड्याशिवाय दुसरी भाषाच येत नाही. मी टुक् केलं आणि दाखवलं : सत्त्याऐंशी.

फक्त आजच म्हणता म्हणता सात सकाळी झाल्या.

गुरुवारी फळ्यावर सात सुंदर आकडे उमटले. शंभराच्या आत सगळे! केवढ्या टाळ्या पडल्या! रखवालदारकाका उभे राहून म्हणाले, "ताई, मागचं बोलणं मी परत घेतो. तुम्ही तर आमच्या पुढे गेलात." सिस्टर धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "साखर फार खाली जायला नको," आणि त्यांनी तिची संध्याकाळची गोळी बंद केली.

एका खोट्या आकड्यानं खरी गोळी काढून घेतली, ती अशी. तिला तेव्हाच तोंड उघडायचं होतं. पण ज्या खोलीत आताच टाळ्या वाजल्या, तिथे "थांबा, हे माझं रक्त नाही" असं म्हणायला छाती लागते. ती उरलेल्या सकाळच्या गोळ्यांची पुडी मुठीत धरून घरी गेली.

त्याच सुमाराला रबरी बूट चावून तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला. गोड रक्तात जखम लवकर भरत नाही, हे गटात चार वेळा सांगून झालं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती पाय लपवू लागली. आरशाची वेळ झाली, की "आज घरी बघून आले" म्हणायची. करंगळीला मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या थांबल्या, आणि तिला वाटलं, बरं वाटतंय.

तिच्या घरी माझी तिसरी पाळी आली. पुन्हा सात सकाळी, पुन्हा तेच लहान हात. आता मुंगी स्वतःच रोज नवं बोट पुढे करायची आणि आई मान फिरवून सुई टोचायची.

त्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून लेक आईबरोबर गटात आली. सिस्टर माझं बटण दाबून आकडे उतरवत होती. मावशींनी मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिचे हात हातात धरले. धरले आणि त्या थांबल्या. भिंग वर करून बोटांची टोकं डोळ्यांजवळ नेली.

"काय गं, शिवायला शिकतेस का तू?"

"नाही."

"मग ही सुई कुणी टोचली? सुईचं बोट मला अंधारातसुद्धा कळतं हो."

मुंगीला त्यात लपवण्यासारखं काय आहे, तेच माहीत नव्हतं. ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "मी आईची शुगर देते! माझी छान येते."

खडू फळ्यावरच थांबला. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता सिस्टरच्या जिभेचा पट्टा सुटणार. पण सिस्टर वळली, सरळ येऊन तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "चप्पल काढ."

"सिस्टर, माझं चुकलं..."

"ते नंतर. आधी पाय दाखव."

करंगळी काळी पडली होती. सिस्टरनं रखवालदारकाकांना गाडी बघायला पिटाळलं. म्हातारा माणूस, पण काय धावला! तासाभरात तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी आठ दिवस गेले असते तर पाय घोट्यापासून गेला असता. पाय वाचला. करंगळी काढावी लागली. तीन आठवडे मुंगी मावशींकडे राहिली.

पुढच्या गुरुवारी पाच माणसं जमली, पण फेऱ्या मारायला कुणी उठलं नाही. रखवालदारकाका म्हणाले, "मी तिला कारखाना म्हणालो. आणि मी स्वतः रात्रपाळीला तीन तीन कप गोड चहा पितो. मीटर माझ्या घरी असतो त्या आठवड्यात तेवढा बंद ठेवतो."

"मला माहीत नव्हतं, असं वाटतंय का तुम्हाला?" सिस्टर म्हणाली. मग तिनं फळा पुसला. "पण फळ्यावर आकडे लिहायची अक्कल माझी. टाळ्यासुद्धा माझ्याच."

तेव्हापासून तिथे आकडे फळ्यावर लिहीत नाहीत. ज्याचा आठवडा वाईट गेला असेल, तो आधी बोलतो आणि बाकीचे ऐकतात. सिस्टर एकदा धुलाईघरात जाऊन मालकाशी भांडूनही आली. आता तिथे चहा बिनसाखरेचाही मिळतो, आणि उभं राहायला कोरडी फळी. बूट मात्र अजून जुनेच आहेत. सगळंच काही एकदम होत नाही.

मित्रांनो, मला जपा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगणार नाही. माझं आयुष्य झालं. पण तुमच्या घरी कुणी माझ्यासारख्या मीटरसमोर बोट धरून बसलं असेल, तर आकड्याच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघा. आकडा वाईट आला म्हणून कुणाला हसू नका, रागावू नका, आणि चांगला आला म्हणून उगाच डोक्यावरही घेऊ नका. ज्याला खरं सांगायची भीती वाटते, त्याचं औषधसुद्धा चुकतं. मी बंद पडलो तर माझ्या जागी दुसरा मीटर येईल. माणसाचं तसं नाही.

रुग्णालयातून ती घरी आली, तेव्हा सिस्टरनं पाळी मोडून मला तिच्याकडे दिलं. सकाळची वेळ. पायाला पांढरी पट्टी, पाय पाटावर टेकवलेला. तिनं सुई घेतली, या वेळी आपल्याच बोटाला टोचली, आणि मी सांगितलं : एकशे ब्याण्णव.

"चांगलं आहे का गं?" मुंगीनं विचारलं.

"चांगलं नाही. पण माझं आहे," आई म्हणाली आणि तिनं लेकीला जवळ ओढलं. "आणि तू यापुढे बोट पुढे करायचं नाहीस. कुणासाठीच नाही. कळलं?"

मुंगीनं मान हलवली. मग ती आईच्या पायाशी जाऊन बसली. पट्टीला हात न लावता तिनं एकेक बोट मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्या जागेशी तिचा हात थांबला.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी माझं रक्त दिलं नसतं, तर हे राहिलं असतं का गं?"